वर्षाला उरले किती? साध्या मजकुरातल्या कीर्दीचे एक प्रकरण

वर्षभरात आपले किती उरले, या एका प्रश्नाला या घरात आधी तीन उत्तरे होती: ६७,०००, २,३२,००० आणि २,४७,०००. नंतर त्यात चौथ्याची भर पडली, ३,२२,०००. गंमत म्हणजे यातला एकही आकडा अंदाजाने काढलेला नव्हता. चारही बँकेच्या आणि कार्डाच्या नोंदींवरून आले होते आणि चारही बेरीज-वजाबाकीच्या दृष्टीने बरोबर होते.

घर नमुन्याचे आहे. गणित डोक्यात राहावे म्हणून आकडे गोल धरले आहेत आणि चलनाला काही महत्त्व नसल्याने ते लिहिलेले नाही. बाकी गोंधळ मात्र असे आहेत की ज्याने कधी घरचा हिशोब स्प्रेडशीटमध्ये मांडला आहे त्याला ते ओळखीचे वाटतील.

परिस्थिती

नवरा नोकरदार, वर्षाचा पगार ६,००,०००. बायको चित्रकार, स्वतंत्र कामे घेते, त्यातून वर्षाला ३,००,०००. दोघांचे एकेक बँक खाते, मिळून एक क्रेडिट कार्ड, वाहनाचे कर्ज, त्याचा महिना १०,००० हप्ता. घरखर्चासाठी तो वर्षभरात तिच्या खात्यात १,५०,००० पाठवतो. त्याला कामासाठी फिरावे लागते. तिकिटे आणि मुक्काम घरच्या कार्डावर होतो आणि कंपनी नंतर पैसे परत देते.

प्रश्न उपटला तो तिच्या एका ग्राहकावरून. वर्षाला १,००,००० देणारे हे काम तिला नकोसे झाले होते. ते सोडले तर घर चालेल का?

तिने स्प्रेडशीट काढली, दोन्ही बँकांची आणि कार्डाची वर्षभराची विवरणे एकाखाली एक चिकटवली. बँकेतल्या जमा बाजूची बेरीज ११,०२,०००. बँका आणि कार्ड मिळून खर्चाची बेरीज १०,३५,०००. उरले ६७,०००. म्हणजे एक लाखाचे काम सोडायचा विषयच संपला.

पण दोन्ही बँकांची शिल्लक वर्षभरात २,४७,००० ने वाढली होती. नवऱ्याने शीट पाहिली आणि चूक लगेच पकडली. कार्डाने केलेली खरेदीही खर्चात धरली होती आणि कार्डाचे बिल भरलेलेही. बिलापोटी भरलेले १,६५,००० वगळले, तर शिल्लक आली २,३२,०००. तरीही बँकेशी १५,००० चा फरक राहिलाच. तो कुठून आला हे दोघांनाही सांगता येईना.

शिवाय शीटमधल्या गोल आलेखात प्रवासाचा घास भलताच मोठा दिसत होता, ८५,०००. त्यावरून घरात कुरबूर झाली आणि पुढच्या वर्षी कुठे जायचे नाही असे ठरूनही गेले.

हत्यार

इथे ते साध्या मजकुरातल्या हिशोबाकडे वळले. कल्पना जुनीच, द्विनोंदी पद्धतीची: प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत लिहायचा, पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला. लुका पाचिओली याने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ती मांडली, आणि व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते. नवे आहे ते तिचे रूप. कीर्द म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारी. प्रोग्राम ती वाचतो आणि खतावणी (एकेका खात्याच्या नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), ताळेबंद (मत्ता आणि देणी यांचे पत्रक) काढून दाखवतो. लिहिलेल्या नोंदी बदलतो तो माणूसच. जॉन वीगली यांच्या लेजर या प्रोग्रामने २००३ मध्ये हा प्रकार सुरू केला. त्यानंतर सायमन मायकल यांनी २००७ पासून हॅस्केल भाषेत एचलेजर लिहिले आणि मार्टिन ब्ले यांनी पायथनमध्ये बीनकाउंट.

बीनकाउंट शिस्तीचे कडक आहे. प्रत्येक खाते आधी उघडल्याचे लिहावे लागते, त्याशिवाय ते नोंद घेत नाही. त्याच्या जोडीला ब्राउझरमध्ये चालणारा फावा आहे, आलेख आवडणाऱ्यांची तिथे सोय होते. या घराने एचलेजर घेतले, कारण सीएसव्ही फाइली (विवरणाच्या साध्या मजकुरातल्या, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइली) वाचण्याची सोय त्यातच आहे आणि खात्यांची नावे मराठीत ठेवता येतात. फक्त एक पथ्य आहे. इंग्रजी नावांवरून एचलेजर खात्याचा प्रकार आपोआप ओळखते, मराठी नावांवरून नाही. म्हणून मत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न, खर्च ही पाच मुळे फाइलीच्या सुरुवातीला जाहीर करून प्रत्येकापुढे टाइपचा टॅग, म्हणजे खात्याचा प्रकार सांगणारी खूण, लावायचा. तो राहिला तर ताळेबंद रिकामा येतो आणि माणूस तासभर डोके खाजवत बसतो. आकडे आणि आज्ञाही इंग्रजी लिपीतच लिहायच्या. खालच्या नोंदींत देवनागरी अंक दिले आहेत ते वाचण्यासाठी.

सुरुवात आरंभीच्या शिलकेपासून:

    ०१-०१ आरंभीची शिल्लक
        मत्ता:बँक:तो       १२००००
        मत्ता:बँक:ती        ८००००
        मत्ता:रोख            ५०००
        देणी:कार्ड         -२००००
        देणी:वाहनकर्ज    -३९००००
        भांडवल:आरंभ

शेवटच्या ओळीत आकडा नाही, कारण नोंदीची बेरीज शून्य यायलाच हवी आणि एक जागा रिकामी असली तर प्रोग्राम ती भरतो. इथे तो २,०५,००० भरेल. म्हणजे वर्षारंभी हे घर २,०५,००० ने देण्यात होते. स्प्रेडशीटमध्ये हा आकडा कुठेच नव्हता, कारण तिथे फक्त वर्षभरातली ये-जा होती. वर्ष उजाडले तेव्हा कोणाचे किती देणे होते, याला तिथे जागाच नव्हती. वाहनाची किंमत मत्तेत धरायची का, यावर दोघांची थोडी चर्चा झाली आणि नाही असे ठरले. दर वर्षी घसारा काढत कोण बसणार?

उत्पन्नाच्या खात्यांत आकडे वजा दिसतात, त्याने नवशिके बिचकतात. पैसा जिथून निघाला तिथे वजा, जिथे गेला तिथे अधिक, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र आहे. उत्पन्न-खर्चाचे पत्रक काढताना एचलेजर चिन्हे उलटवून नेहमीसारखी दाखवते.

तीन नोंदी, ज्यांनी गुंता सुटला

पहिली, कामाच्या प्रवासाची. हा खर्च घरचा नाहीच. ते कंपनीकडून येणे आहे:

    ०३-१२ कामाचा प्रवास, तिकीट
        मत्ता:येणे:कंपनी     ५५००
        देणी:कार्ड

    ०४-०९ कंपनीकडून परतावा
        मत्ता:बँक:तो         ५५००
        मत्ता:येणे:कंपनी

शीटमध्ये तिकीट 'प्रवास' खर्चात आणि परतावा 'इतर उत्पन्न' म्हणून बसला होता. त्यामुळे दोन्ही बाजू फुगल्या होत्या.

दुसरी, हप्त्याची. १०,००० तले व्याज तेवढा खर्च, बाकीच्या रकमेने कर्ज कमी होते:

    ०७-०५ कर्जाचा हप्ता
        देणी:वाहनकर्ज       ६९५०
        खर्च:व्याज           ३०५०
        मत्ता:बँक:तो      -१००००

ही विभागणी दर महिन्याला बदलते. कर्जाच्या परतफेडीच्या तक्त्यात ती महिनावार दिलेली असते, ती तिने एकदाच उतरवून घेतली.

तिसरी नोंद मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. कार्डाचे बिल भरले की तोच व्यवहार दोन फाइलींत येतो. बँकेत ३ तारखेला, कार्डावर ५ तारखेला. दोन्ही फाइली आयात केल्या तर नोंद दोनदा होणार, एक पुसावी तर कुठली हे दर वेळी ठरवत बसावे लागणार. यावरचा उपाय म्हणजे मध्ये एक खाते ठेवायचे:

    ०४-०३ कार्डाचे बिल भरले
        मत्ता:वाटेत         १४०००
        मत्ता:बँक:ती      -१४०००

    ०४-०५ भरणा जमा
        देणी:कार्ड          १४०००
        मत्ता:वाटेत       -१४०००

बँकेची फाइल पहिली नोंद करते, कार्डाची फाइल दुसरी. कोणालाच दुसऱ्याची दखल घ्यावी लागत नाही. 'वाटेत' खाते शून्यावर आले की पैसे पोचले. नाही आले तर कुठलीतरी बाजू राहिली आहे. त्याने तिला पाठवलेले १,५०,००० ही याच खात्यातून गेले आणि शीटच्या दोन्ही बाजूंना फुगवणारी ती रक्कम उत्पन्नातूनही वगळली गेली, खर्चातूनही.

ताळा

इथवर जे झाले ते एखादा काटेकोर माणूस स्प्रेडशीटमध्येही करू शकेल. माझ्या मते या साधनांची खरी किंमत पुढच्या भागात आहे, आणि नवे लोक नेमका तोच भाग टाळतात. खर्चाचे वर्ग पाडण्यात ते आठवडे घालवतात, किराणा वेगळा, साबण वेगळा, आणि शिल्लक ताडून पाहण्याची ओळ मात्र लिहीत नाहीत.

ती ओळ अशी: नोंदीतल्या रकमेपुढे बरोबरचे चिन्ह आणि त्या क्षणी खात्यात असायला हवी ती शिल्लक. इंग्रजीत याला बॅलन्स असर्शन म्हणतात, आपण ताळा म्हणू. प्रोग्राम प्रत्येक वेळी फाइल वाचताना तारखेच्या क्रमाने बेरीज करत येतो आणि त्या ओळीवर आकडा जुळला नाही तर पुढे जायला नकार देतो. अपेक्षित किती, निघाली किती, फरक किती, सगळे सांगतो. (बीनकाउंटमध्ये ताळा स्वतंत्र ओळीत असतो आणि त्या दिवसाच्या सुरुवातीची शिल्लक धरतो. एकातून दुसऱ्यात जाणारे इथे हमखास एका दिवसाने चुकतात.)

पहिला ताळा पहिल्याच महिन्यात कोसळला, तोही थोडाथोडका नाही. कार्डावरची खरेदी हजारोंची असताना फाइलीत ती किरकोळ दिसत होती. कारण कार्डाच्या सीएसव्हीत रकमा ४,५०० अशा होत्या, स्वल्पविरामासह आणि दशांशाशिवाय. आकड्यात एकच स्वल्पविराम असेल तर तो हजाराचा की दशांशाचा हे एचलेजरला कळायला मार्ग नसतो, आणि काही सांगितले नसेल तर ते दशांश धरते. साडेचार हजारांचे साडेचार झाले. जगात बऱ्याच ठिकाणी दशांशाला स्वल्पविरामच वापरतात, तेव्हा दोष देण्यातही अर्थ नाही. आयातीच्या नियमांत दशांशचिन्ह कोणते ते एका ओळीत सांगितले की प्रश्न मिटतो. मात्र ताळा नसता तर ही चूक वर्षअखेरपर्यंत खपून गेली असती, आणि 'यंदा कार्ड फारच कमी वापरले' म्हणून कौतुकही झाले असते.

दुसरा कोसळला तो तिच्या खात्यात, आणि फरक बरोबर ४,५००. (हा आणि वरचा आकडा एकच असणे योगायोग. त्यानेही काही काळ भलतीकडे पाहायला लावले.) यावेळी स्वल्पविराम निर्दोष होते. महिनाअखेरचा ताळा जुळत नव्हता, म्हणून तिने विवरणात पाहून मधल्या तारखांना ताळे लावले. १० तारखेचा जुळला, २० चा नाही. त्या दहा दिवसांच्या ओळी विवरणाशी ताडल्या तर बँकेने खात्यातून केलेली ११ तारखेची एक वसुली फाइलीत नव्हतीच.

ती का नव्हती, हे समजून घेण्यासारखे आहे. एचलेजरची आयात आज्ञा आधी घेतलेल्या ओळी पुन्हा घेऊ नये म्हणून कुठल्या तारखेपर्यंत आलो ते एका छोट्या फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी त्यापुढच्याच ओळी घेते. तिने १२ तारखेला आयात केली होती. बँकेने ही वसुली १४ ला लावली, पण तारीख घातली ११ ची. पुढच्या आयातीला ती ओळ जुनी वाटली आणि गळली. ही पद्धत साधी आहे आणि बहुतेक वेळा पुरते, पण मागच्या तारखेने येणाऱ्या नोंदींपुढे ती आंधळी आहे. ती उणीव भरून काढतो तो ताळाच.

त्यानंतर तिने सीएसव्हीतला शिलकेचा रकाना नियमांमध्ये जोडून टाकला. मग आयात होणाऱ्या प्रत्येक ओळीला आपोआप ताळा लागतो आणि फट कुठे पडली ते त्याच ओळीवर दिसते. एकाच दिवसाच्या ओळी बँकेने उलट क्रमाने दिल्या तर तो विनाकारण ओरडतो, तेवढा क्रम नियमांत सुधारून घ्यावा लागतो.

खाते आणि रक्कम यांच्यात किमान दोन मोकळ्या जागा लागतात, हेही जाता जाता. एकच ठेवली तर रक्कम खात्याच्या नावाचा भाग होते आणि 'भाडे २००००' नावाचे नवेच खाते जन्माला येते. खाती आधी जाहीर करून कडक तपासणी चालू ठेवली तर हे लगेच पकडले जाते.

रोखीचा हिशोब त्यांनी सोडून दिला, आणि ठीक केले. महिन्यातून एकदा पाकीट मोजायचे आणि रोखीच्या खात्यापुढे रक्कम न लिहिता फक्त बरोबरचे चिन्ह आणि मोजलेली शिल्लक लिहायची. मधला फरक प्रोग्राम काढतो आणि तो किरकोळ खर्चात जातो. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही, कारण अशा ओळीत मागची एखादी चूक बेमालूम मुरते. बँकेच्या खात्यावर हे कधीच करू नये. पाकिटाला चालते.

निकाल

वर्षअखेरचे पत्रक असे निघाले. उत्पन्न ९,००,०००. खर्च ५,७८,०००: बँकेतून थेट ३,६०,०००, कार्डावरचा घरचा १,२०,०००, व्याज ३६,०००, रोखीचा ६२,०००. राहिले ३,२२,०००. ताळेबंदानेही हेच सांगितले. घर वर्षारंभी २,०५,००० ने देण्यात होते, वर्षअखेर १,१७,००० ने पुढे.

जुना १५,००० चा फरकही सापडला. कार्डाचे देणे वर्षात २०,००० वरून ३५,००० वर गेले होते. खरेदी १,८०,००० ची झाली, भरले १,६५,०००. बँकेची वाढलेली शिल्लक अंशतः कार्डाच्या उधारीवर वाढली होती.

प्रवासाच्या ८५,००० पैकी ६०,००० कामाचे होते. घरचा प्रवास २५,०००. ज्यावरून वाद झाला तो खर्च घराने केलाच नव्हता. आणि 'येणे:कंपनी' हे खाते शून्य व्हायला हवे होते, तिथे ८,००० उरले होते. खतावणी काढल्यावर दोन मुक्कामांची बिले दिसली, कंपनीकडे कधी पाठवलीच नव्हती. शीटमध्ये हे दिसणे अशक्य होते. तिथे खर्च झाला आणि काही उत्पन्न आले, दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे हे सांगणारे काहीच नव्हते.

मग काम सोडायचे का? ३,२२,००० पाहून नवरा खूश झाला, पण हा आकडा इथे वापरायचा नाही. त्यात कर्जाच्या मुद्दलापोटी गेलेले ८४,००० आहेत. ते खर्च नव्हेत हे खरे, तरी दर महिन्याला खात्यातून जाणारच. वाहनाची किंमत हिशोबात नसल्याने त्याची झीजही यातून वजा झालेली नाही, म्हणजे हा आकडा तसाही थोडा लाडावलेला आहे. कंपनीकडून न आलेले ८,००० ही त्यातच. दोन्ही काढले तर हाताशी उरणारी रक्कम २,३०,०००.

आता चाणाक्ष वाचक म्हणेल, नवऱ्याने दुरुस्त केलेली शीट २,३२,००० दाखवत होतीच की. फरक फक्त रोखीतल्या २,००० चा. बरोबर आहे. त्याचे उत्तर या निर्णयापुरते जवळजवळ अचूक होते. पण ते अचूक आहे हे त्याला ठाऊक नव्हते. बँक २,४७,००० म्हणत होती, शीट दुसरेच काही, आणि कुणावर विश्वास ठेवावा हे ठरवायला घरात काही साधन नव्हते. अशा आकड्यावर कोणी मिळकतीतला नववा हिस्सा सोडत नाही.

२,३०,००० मधून १,००,००० गेले तरी १,३०,००० उरतात. तिने काम सोडले. कार्डाचे बिल पूर्ण भरायचे, हेही त्याच बैठकीत ठरले.

महिन्याकाठी आता एका संध्याकाळचे काम असते: तीन फाइली उतरवायच्या, आयात करायच्या, ताळे पाहायचे. फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलीतले बदल नोंदून ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आहे, त्यामुळे कोणी कुठली जुनी नोंद कधी बदलली ते दिसते. दोघांनी मिळून वापरायच्या फाइलीला ते हवेच. खर्चाचे वर्ग त्यांनी बरेच कमी केले.

एक गोष्ट अजून ठरलेली नाही. तिची बिले पैसे खात्यात आल्यावरच नोंदली जातात. काम करून दिले पण पैसे यायचे आहेत, अशी रक्कम कीर्दीत कुठेच नाही. 'येणे:कंपनी' सारखे प्रत्येक ग्राहकाचे खाते उघडले तर ती दिसेल, पण मग बिल पाठवतानाच उत्पन्न धरावे लागेल आणि न आलेले पैसे शिलकेत दिसू लागतील. तिचे म्हणणे, सध्या बिलांची यादी फाइलीत टिपणांच्या ओळींत ठेवू. एचलेजर त्या ओळी वाचत नाही, माणसे वाचतात.